नैरोबीला येताय? आधी घड्याळ सहा तास फिरवायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून नैरोबीला दोन वर्षांसाठी बदली, घर पार्कलँड्स या भारतीय वस्तीच्या भागात ठरतंय, सहावीतली मुलगी सोबत. "हिंदी सिनेमा, मॉल आणि मंडळाचा गणपती सोडून तिथे काही बघण्या-ऐकण्यासारखं आहे का? आणि असलं तर आम्हाला ते कळेल का?"

आहे, चिक्कार आहे. फक्त ते पार्कलँड्सला तुमच्या दारात येणार नाही. तिथे कोथिंबिरीपासून देवळापर्यंत सगळं हाताशी असतं, आणि खरी अडचण तीच. दोन वर्षं कधी सरतात कळत नाही आणि परतताना ओळख असते ती फक्त वॉचमनशी.

सुरुवात भाषेपासून करा. ऑफिस इंग्रजीवर निभतं, पण विनोद, गाणी, बसमधली चेष्टामस्करी हे सगळं स्वाहिलीत आणि शेंगमध्ये. शेंग म्हणजे स्वाहिली, इंग्रजी आणि घरच्या बोलींची शहरातल्या पोरांनी केलेली भेळ. ती पुस्तकातून शिकायच्या फंदात पडू नका, पुस्तक छापून येईतो शब्द बदललेले असतात. स्वाहिली मात्र रीतसर शिका, वाटते तितकी परकी नाही. दुकान 'दुका', गाडी 'गारी', लाख 'लाकी', कढई 'कराई', गोणी 'गुनिया'. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या गलबतांनी हेही नेलं. तुम्ही स्वतः तिथे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय वंशाचा माणूस, अनेकवचन 'वहिंदी'. एरवी ती शिवी नाही, नुसती ओळख आहे. २०१७ मध्ये सरकारने केनियातल्या आशियाई लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली.

आता घड्याळ. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', शब्दशः एक वाजला. रात्रीचे आठ म्हणजे 'सा म्बिली उसिकु', रात्रीचे दोन. हिशोब सहाच्या फरकाचा. घोळ असा होतो की इंग्रजी पोस्टरवर आपलीच वेळ असते आणि फोनवर तोच माणूस स्वाहिलीत बोलला की दुसरी. नाटक 'सा कुमी ना मोजा'ला आहे असं ऐकून तुम्ही अकरा धरता, प्रत्यक्षात ते संध्याकाळी पाचला सुरू होऊन गेलेलं असतं. म्हणून आकड्यामागचा शब्द कान देऊन ऐका: असुबुही सकाळ, जिओनी संध्याकाळ, उसिकु रात्र. गाण्याच्या मैफिलीचं गणित आणखी वेगळं. जाहिरातीत सहा छापलेले असले तरी मुख्य कलाकार अकराच्या आत क्वचितच मंचावर येतो. नाटकं मात्र बऱ्यापैकी वेळेवर.

पैशाचं बघा. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि फोनवरून पैसे द्यायचं एम-पेसा सुरू करून घ्या. २००७ पासून ही सोय आहे आणि तिकिटापासून भाजलेल्या मक्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. पैसे भरायच्या नंबरांचे दोन प्रकार नीट ओळखा: दुकानाचा 'टिल नंबर' नुसता टाकायचा, 'पेबिल'ला मात्र वर खाते क्रमांकही लागतो. तो चुकला तर पैसे जातात आणि तिकीट येत नाही. पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव दिसलं तर ते वाचा. चुकून भलत्याच नंबरला गेले तर आलेला मेसेज लगेच ४५६ वर पाठवा, समोरच्याने काढून घेतले नसतील तर परत मिळायची आशा असते.

संगीत कुठे ऐकायचं म्हणाल तर पहिलं उत्तर मटाटू, म्हणजे शहरभर धावणाऱ्या खासगी मिनीबस. 'तातू' म्हणजे तीन. पूर्वी भाडं दहा सेंटची तीन नाणी, त्यावरून हे नाव. आज त्यातल्या सजवलेल्या गाड्यांना 'न्गान्या' म्हणतात: अंगभर रंगवलेले चेहरे, आत पडदे, जांभळे-निळे दिवे आणि छातीत धडधडणारा बास. या शहरात नवं गाणं चाललं की नाही, ते रेडिओच्या आधी इथे कळतं. २००४ च्या नियमांनी सीटबेल्ट, वेगनियंत्रक आणि पिवळा पट्टा आणला. रंगकामामागे पोलीस लागत, पण २०१४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांनी त्या रंगकामाला पाठीशी घातलं. चांगल्या न्गान्या बघायच्या तर रोंगाई किंवा ईस्टलँड्सचा मार्ग धरा. शनिवारी सकाळी, गर्दी नसताना जा. भाडं चढण्याआधी विचारा, पाऊस आला की ते तिथल्या तिथे वाढतं. सुटे ठेवा. स्पीकर बहुधा मागे असतात, तेव्हा मुलीला घेऊन पुढच्या बाजूला बसा. खिडकी उघडी असेल तर फोन बाहेर काढू नका, सिग्नलला हात आत येतो.

मुगिथी एकदा तरी बघाच. किकुयू या तिथल्या एका मोठ्या जमातीच्या भाषेत मुगिथी म्हणजे आगगाडी. एक माणूस, एक गिटार, आणि तासाभरात अख्खा बार एकमेकांच्या कमरेला धरून टेबलांमधून फिरायला लागतो. झुक झुक गाडीच, पण मोठ्यांची. मध्यरात्रीनंतर गाण्यांचे शब्द चावट होतात, मुलीला घरी ठेवा. किनाऱ्यावरच्या मोम्बासाला गेलात तर तारब, म्हणजे तिकडचं स्वाहिली गाणं, ऐका. तिथले गायक जुमा भालो यांच्या कित्येक गाण्यांच्या चाली सरळ हिंदी सिनेमातल्या आहेत. शब्द कळत नाहीत आणि चाल पाठ, अशी गंमत होते.

सिनेमा: मॉलमध्ये हॉलिवूड आणि हिंदी. केनियाचा सिनेमा तिथे चार दिवस टिकला तरी पुष्कळ, त्यामुळे 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणू नका. डाउनटाउनच्या रिव्हर रोडवरून कमी पैशात निघणाऱ्या स्थानिक भाषांतल्या चित्रपटांना रिव्हरवुड म्हणतात. नाटकासाठी १९५२ चं केनिया नॅशनल थिएटर, आणि परदेशी सांस्कृतिक केंद्रांपैकी फ्रेंचांचं आलियाँस फ्रान्सेज. स्टँड-अपमध्ये लुओ, किकुयू, लुह्या या जमातींच्या उच्चारांवर विनोद असतात आणि मुहिंदी दुकानदाराचीही पाळी येते. हसा. पहिल्या रांगेत मात्र बसू नका.

वाचायला केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगोंपासून सुरुवात करा. १९७७ मध्ये लिमुरूजवळच्या कामिरिथूत गावकऱ्यांना घेऊन त्यांनी किकुयूत नाटक केलं. त्यापायी साधारण वर्षभर विनाखटला तुरुंगवास झाला, आणि तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी किकुयूत कादंबरी लिहिली. मातृभाषेत लिहावं की इंग्रजीत हा वाद तिथे नुसता परिसंवादापुरता नाही, तो असा तुरुंगातून आलेला आहे. पुस्तकं वेस्टलँड्सच्या सारित सेंटरमध्ये नवी मिळतात. सप्टेंबरच्या शेवटी तिथेच पुस्तकमेळा भरतो. स्वस्तात हवी असतील तर शहरात फुटपाथवर 'इनामा' दुकानं आहेत. इनामा म्हणजे वाका. वाकूनच शोधायचं, आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची.

मुलीसाठी १९३१ चं मॅकमिलन ग्रंथालय. दारात दगडी सिंह आहेत, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. ते डाउनटाउनमध्ये आहे, तेव्हा दिवसा जा आणि अंधाराआधी निघा. रात्रीच्या कुठल्याही कार्यक्रमाहून परतताना ॲपवरचीच टॅक्सी घ्या. नंबरप्लेट जुळल्याशिवाय बसू नका, आणि गाडी येईपर्यंत गेटच्या आतच थांबा.

सामान बांधताना स्वेटर तिघांचेही घ्या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि जुलैतल्या उघड्यावरच्या मैफिलीत दहा वाजल्यानंतर दात वाजतात.