सगळे शोधनिबंध ऑनलाइन मिळतात, मग वैज्ञानिक परिषदा हव्यात कशाला? आणि त्या गोव्यातच का?

तुमच्या प्रश्नाखालची ओळ आधी घेते : 'परिषदा म्हणजे फुकटची सहल, म्हणून तर गोवा.' हीच ओळ मी तीस वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभी राहून ऐकली आहे. नवखी लेक्चरर होते, नोकरी सांभाळून पीएचडी चालली होती आणि पणजीतल्या एका परिषदेने माझं पोस्टर स्वीकारलं होतं. (पोस्टर म्हणजे आपलं संशोधन एका तक्त्यावर मांडायचं आणि त्यापाशी उभं राहायचं.) दोन दिवसांची ड्युटी लीव्ह मागितली. "गोव्यातल्या गोव्यात कसली परिषद? फिरायचं असेल तर किरकोळ रजा टाका," म्हणाले. टाकली.

विषय होता दिवाडी बेटावरच्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीतलं, खारेपण. सुट्टी रविवारचीच, म्हणून दर रविवारी रायबंदरहून फेरीबोट धरायची, दहाच्या ठोक्याला मानशीपाशी पोचायचं आणि बाहेरच्या बाजूच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. (मानस म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीचं पाणी चढलं की मिटते, सुकतीला आतलं पाणी बाहेर सोडते.) असं दीड वर्ष केलं. आलेख आला तो करवतीच्या दातांसारखा, एका रविवारी खारेपण वर, पुढच्या रविवारी खाली. गाईड म्हणाले, मोजण्यात चूक होत असेल, सरासरी काढा. काढली, आणि आलेखासकट पोस्टरवर चिकटवली.

पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत केरळकडचे एक वयस्क प्राध्यापक हातात कप घेऊन थांबले. सरासरीकडे त्यांनी पाहिलंच नाही, दातांवरून बोट फिरवत राहिले. "पाणी किती वाजता घेतलं?" दर रविवारी दहाला, मी अभिमानाने सांगितलं. "तेव्हा भरती असायची की ओहोटी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेन्सिलने लाटा काढल्या. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तास. या रविवारी दहाला भरती, तर पुढच्या रविवारी दहाला सुकती. करवतीचे ते दात म्हणजे मांडवीचं येणं-जाणं होतं, आणि मी ते सरासरीत पुसून टाकलं होतं. मानशीवर जाळं लावणारा माणूस दर रविवारी वेगळ्या वेळी यायचा, हे मी दीड वर्ष डोळ्यांनी बघत होते. ती पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. पुढचं वर्षभर भरतीचं कोष्टक बघून फेरीबोट धरली आणि प्रबंध त्यावरच उभा राहिला.

हे मला कुठल्या शोधनिबंधात सापडलं असतं? मला काय विचारायचं तेच ठाऊक नव्हतं, तर शोधणार काय!

परिषदांचा इतिहास थोडक्यात : १८२२ साली लोरेन्झ ओकेन यांनी लाइपझिगला जर्मन निसर्गअभ्यासक जमवले आणि दरवर्षी नव्या शहरात भेटायची प्रथा पाडली. ते बघून १८३१ मध्ये ब्रिटिशांनी यॉर्कला आपली संस्था काढली. आपल्याकडे सायन्स काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्याला भरलं, अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १८६० ची जर्मनीतल्या कार्ल्सरूहची परिषद. अणुभारांवर रसायनशास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. एकट्या ॲसेटिक ॲसिडची १९ सूत्रं केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नोंदवली होती. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय काही लागला नाही. निघताना पावेसी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने आपल्या मित्राची, कॅनिझारोंची, अणुभार कसे ठरवायचे ते सांगणारी पुस्तिका लोकांच्या हातात ठेवली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी ती नंतर वाचली आणि डोळ्यांवरचा पडदा गळून पडल्यासारखं झालं, असं लिहून ठेवलं. तरुण मेंडेलीवही त्या सभेत होते. त्यांची आवर्तसारणी आली १८६९ मध्ये. व्यासपीठावर जे जमलं नाही ते निरोपाच्या वेळी झालं.

आणि गोवा का, तर १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली आणि त्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आज वास्कोला आहे. समुद्रावर काम करणाऱ्यांनी भेटायचं तरी कुठे? समुद्रकिनारे म्हणजेच गोवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दोना पावलाला पर्यटकांच्या 'जेटी'कडे (धक्क्याकडे) वळण्याआधी या संस्थेपाशी थांबावं.

हो, पैसे भरा आणि प्रमाणपत्र घ्या, असल्या परिषदाही निघाल्या आहेत. आठवड्याला ईमेल येतात, सरळ डिलीट करा. सत्रं सोडून बीचवर जाणारेही मी पाहिले आहेत. खर्चाचा मुद्दाही खराच. दूरच्या कॉलेजातल्या मुलांना प्रवासभाडं परवडत नाही, त्यांच्यासाठी ऑनलाइन सत्रं ठेवलीच पाहिजेत. पण त्यामुळे ड्युटी लीव्ह नाकारायची? ते प्राचार्य आयुष्यात एकदाही कुठल्या पोस्टरसमोर उभे राहिले नव्हते. माझा प्रबंध पूर्ण झाल्यावर मात्र कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख त्यांनी स्वतःच्या सहीने छापला.

तुम्ही विद्यार्थी असाल तर अर्ध्यावरचं काम घेऊन जा, अगदी न सुटलेलंही. चहाच्या सुट्टीत पोस्टर सोडून हलू नका. आणि शिक्षक असाल तर मुलांच्या रजेच्या अर्जावर सही करा. विभागप्रमुख असताना माझ्या टेबलावर आलेला असा एकही अर्ज मी परत पाठवला नाही.