बोअरच्या खारट पाण्यासाठी घरी आरओ बसवायचा आहे. तो आत नेमकं काय करतो आणि बसवताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की दर्यापूर तालुक्यात घरच्या बोअरचं पाणी खारट आहे, मीटरवर टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, १४५० मिलिग्रॅम आला, आणि दुकानदार म्हणतो की मशीन लावल्यावर आकडा जितका खाली येईल तितकं पाणी चांगलं. मी गेली अकरा वर्षं अकोल्यात हीच मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो. माझं आजोळही पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळे तुमच्या पाण्याची चव मला लहानपणापासून माहीत आहे.

तुम्हाला आरओ लागतो. हे मी प्रत्येकाला सांगत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. धरणाचं, दोनशे-अडीचशे टीडीएसचं पाणी नळाला येणाऱ्या घरात मी आरओ बसवायला नकार देतो. तिथे यूव्ही (दिव्याने जंतू मारणारं मशीन) किंवा यूएफ (बारीक छिद्रांचा फिल्टर) पुरतं, आरओ लावून नुसतं पाणी वाया जातं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या भागात आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं. तुमचा प्रश्न मात्र क्षारांचाच आहे, आणि क्षार उकळून जात नाहीत, यूव्हीच्या दिव्याने जात नाहीत, कॅण्डलच्या फिल्टरनेही जात नाहीत.

आता आत काय होतं ते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पातेल्यात पाणी सुटतं. फोडीच्या पेशींचा पातळ पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला सहज देत नाही, म्हणून पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. हे आपोआप होतं. आपल्याला नेमकं याच्या उलट हवंय: खाऱ्या पाण्यातलं गोडं पाणी पडद्यापलीकडे काढायचं. यालाच रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ, म्हणतात, आणि त्यासाठी जोर लावावा लागतो. ढोबळ हिशेब असा की दर १०० टीडीएसमागे साधारण १ पीएसआय (दाब मोजायचं माप) दाब नुसता बरोबरी साधण्यात जातो. म्हणजे तुमच्या पाण्याला चौदा-पंधरा पीएसआयपर्यंत काहीच निघणार नाही. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० फूट उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम सव्वाचार. म्हणून मशीनमध्ये २४ व्होल्टचा छोटा पंप असतो, तो दाब ६० ते ८० पर्यंत नेतो.

पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, कापून पाहिलं तर सुरळीच्या वडीची आठवण येते. मध्ये भोकं असलेली नळी, तिच्याभोवती पडदा आणि जाळी यांची घट्ट गुंडाळी. काम करणारा थर केसाच्या शेकडो पट पातळ. असा चांगला चालणारा पडदा पहिल्यांदा १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. सौरिराजन मूळचे भारतातले, आणि हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं.

आता वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल, कारण इथेच लोक मशीनची वाट लावतात. सगळं पाणी पडद्यातून जात नाही. थोडं पलीकडे जातं, उरलेलं पडद्याला घासत क्षार वाहून नेतं आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. या नळीवर फ्लो रिस्ट्रिक्टर नावाचा बोटाएवढा तुकडा असतो, आम्ही त्याला एफआर म्हणतो. आतला दाब तोच धरून ठेवतो. घरगुती मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. माझ्या मावशीकडे कुणीतरी ‘पाणी वाचेल’ म्हणून जास्त अडवणारा एफआर लावून दिला होता. पाणी वाचलं खरं, पण आठ महिन्यांत धार करंगळीएवढीही राहिली नाही. मी ते मेम्ब्रेन कापलं तेव्हा आतला पडदा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, पांढऱ्या क्षारांनी भरलेला. ती दोन हंडे विकतच्या पाण्यावर दिवस काढत होती आणि मशीन भिंतीवर तसंच लटकत होतं. तुमच्या पाण्याला एफआरशी खेळ नको, आणि मेम्ब्रेनच्या आधी अँटिस्केलंटचं, म्हणजे क्षारांचा थर बसू न देणारं, कार्ट्रिज जरूर लावून घ्या.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस तुमच्याकडे १९०० च्या आसपास येईल. फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. झाडांना घालू नका, आपल्या चोपण जमिनीत आधीच मीठ पुरेसं आहे.

बसवणं अवघड नाही. ड्रिल धरता येत असेल तर स्वतः करू शकता. सिंकजवळची, उन्हापासून लांबची भिंत निवडा, जवळ प्लग आणि सांडपाण्याची वाट हवी. आधी मुख्य कॉक बंद. नळाच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळून फाटा काढणारा व्हॉल्व्ह बसवायचा, तिथून पाव इंची नळी बाहेरच्या प्री-फिल्टरला, म्हणजे गाळ अडवणाऱ्या पांढऱ्या कार्ट्रिजच्या भांड्याला, आणि तिथून मशीनला. आत पाणी आधी गाळाच्या फिल्टरमधून, मग कार्बनमधून जातं. कार्बन केवळ वासासाठी नसतो. टाकीत ब्लीचिंग टाकलं असेल तर त्यातलं क्लोरीन मेम्ब्रेनचा पडदा खातं, कार्बन त्याला आधीच अडवतो.

नळी ब्लेडने सरळ कापा, तिरकी नको, आणि जोडात शेवटपर्यंत जाईस्तोवर दाबा. गळतीच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. मेम्ब्रेन घालताना दोन बारीक रबरी रिंगा असलेलं टोक आधी आत जातं. रिंगा पाण्याने ओल्या करा, तेल लावू नका.

सुरू झाल्यावर पहिल्या दोन टाक्या ओतून द्या. मग मशीनचा प्लग काढा आणि बाहेर जाणारी नळी बघत बसा. मिनिटभरात धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा-मिटणारा कॉक, नीट बंद होत नाही आणि रात्रभर तुमचं बोअरचं पाणी गटारात जाणार. ही तपासणी फिटरसमोरच करून घ्या.

आता दुकानदाराचं म्हणणं. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची वीज वाहून न्यायची ताकद मोजतो. ते मीठ आहे, कॅल्शियम आहे की फ्लोराइड, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर अजिबात कळत नाहीत. काही विक्रेते दोन लोखंडी कांड्या पाण्यात घालून वीज सोडतात. तुमचं पाणी चहासारखं होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. तो रंग झिजणाऱ्या लोखंडाचा असतो, तुमच्या पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असल्यामुळे वीज नीट वाहत नाही, एवढंच.

आणि ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते हे. मशीनवर टीडीएस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. चव यावी म्हणून फिटर तो फिरवून ठेवतात. त्याने क्षार ‘तयार’ होत नाहीत, मेम्ब्रेनला वळसा घालून तुमचंच कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. कच्च्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर तेही सोबत येतं. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडने पिवळे पडलेले दात आणि वाकलेले पाय लोकांनी भोगले आहेत, आणि त्याला चव नसते, वास नसतो. म्हणून मशीन घ्यायच्या आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी देऊन या. लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर तो स्क्रू पूर्ण बंद ठेवायचा, चव थोडी फिकी लागली तरी. दोन्ही मर्यादेत असेल तर आरओनंतर येणारे ७०-१०० टीडीएस शंभर-दीडशेपर्यंत वाढवायला माझी हरकत नाही.

गाळाचा फिल्टर तुमच्याकडे सहा महिन्यांच्या पुढे नेऊ नका. बदलल्याची तारीख भांड्यावर मार्करने लिहा आणि त्याच दिवशी शुद्ध पाण्याचा टीडीएसही लिहा. ८० चा हळूहळू २०० झाला की मेम्ब्रेन बदलायची वेळ आली. रिपोर्ट हातात आला की आकडे इथे टाका, स्क्रूचं आणि कार्ट्रिजचं मी बघून सांगतो.