तिचा गॉगल तुझ्या पिशवीत का आहे?

ताई,
मी 33 वर्षांची. माहेर-सासर दोन्ही सांगलीच. गेली दोन वर्षं उन्हाळ्यात इथल्या एका सार्वजनिक जलतरण तलावावर सकाळी 6 ते 8 लहान मुलांची आणि बायकांची बॅच घेते. काम अर्धवेळ, मानधन थोडं, पण ते माझं आहे. सासूबाईंना हे पटत नाही. “चार लोकांत ओल्या कपड्यांनी उभी राहतेस,” हे रोजचं. अंगभर पोशाख घालते तरीही. मिस्टर कुणाचीच बाजू घेत नाहीत. त्यात मेच्या मध्यात बॅचमधली एक आठ वर्षांची मुलगी खोल बाजूला सरकली आणि थोडं पाणी प्यायली. 28 मुलं होती, लाइफगार्ड पावत्यांसाठी आत गेला होता. मी लगेच काढलं, काही झालं नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्यांना आयतंच निमित्त मिळेल, म्हणून कुणाला बोलले नाही. ती मुलगी नंतर आली नाही, मामाकडे गेली असावी. तिचा निळा गॉगल माझ्याच पिशवीत राहिलाय. ताई, सासूबाईंना कसं समजावू? की काम सोडू?
– एक वाचक, सांगली

तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची आहेस.

वर छापलंय ते थोडक्यात. तुझं मूळ पत्र सहा पानी आहे. साडेपाच पानं सासूबाई, पोशाख आणि नवऱ्याचं गप्प बसणं, उरलेल्या अर्ध्या पानात ती मुलगी. मी ते अर्धं पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी एकाच शब्दाशी अडले. ‘असावी.’ मामाकडे गेली असावी. अगं, फॉर्मवर आईबापाची सही असते, पत्ता असतो, फोन नंबर असतो. तीन आठवड्यांत तुझ्याच्यानं एक फोन झाला नाही. पलीकडून काय ऐकावं लागेल याचा तुला अंदाज होता, म्हणून झाला नाही. आणि तो गॉगल! सुट्टीत मामाच्या गावाला निघालेली आठ वर्षांची पोर असल्या वस्तूसाठी घर डोक्यावर घेते. हिनं तो मागितला नाही, कुणाला पाठवून मागवलाही नाही. तिला तो नको झालाय.

‘लगेच काढलं’ असं तू लिहितेस. लगेच म्हणजे किती? पोहायला शिकवतेस, तेव्हा बुडणारं माणूस ओरडत नाही हे तुला मी सांगायला नको. पण इथं इतर आयाही वाचतायत, म्हणून लिहिते. सिनेमात हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ करतात तसं खऱ्या पाण्यात होत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत राहतं. वर येतं तेवढ्यात श्वास ओढायचीच घाई असते, हाक मारायला श्वास उरतोच कुठे? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. पाय मारले जात नाहीत, अंग उभंच्या उभं, मान मागे, तोंड आभाळाकडे. शेजारून जाणाऱ्याला वाटतं, पोर उभं राहून खेळतंय. हे 20 ते 60 सेकंद चालतं, मग डोकं खाली जातं.

तेव्हा त्या सकाळी काय झालं असेल ते मला दिसतं. तळ उताराचा. तिचा पाय गुळगुळीत फरशीवरून एक पाऊल पुढे घसरला आणि पुढच्या पावलाला फरशी लागलीच नाही. सत्तावीस मुलांचा कल्ला चालू, तुझं तोंड दुसरीकडे. तू वळलीस. वळलीस म्हणून ती आज घरी आहे, हे तुझं श्रेय मी काढून घेत नाही. पण तुझं ते ‘लगेच’ किती लांब होतं, हे फक्त त्या पोरीला माहीत आहे.

‘काही झालं नाही’ हेही तू कशावरून ठरवलंस? नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागलेल्या मुलावर पुढचे सहा-आठ तास नजर ठेवावी लागते. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालला असेल, पोर मलूल होऊन झोपाळल्यासारखं करत असेल, तर तडक डॉक्टरकडे न्यायचं असतं. ही नजर ठेवणार कोण? आई. आणि त्या आईला तू काही कळवलंच नाहीस. ओले केस पुसून मुलीला घरी पाठवलंस. ती दुपारी जेवली नसेल तर आईला वाटलं असेल, ऊन लागलं. सगळं निभावलं हे तिचं नशीब. त्यावर तुझी बाजू उभी करू नकोस.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. ‘घरी सांगू नकोस हं’ असं तू तिला म्हणालीस का? पत्रात नाही. पण सांगलीसारख्या गावात असली गोष्ट तीन आठवडे कुणालाच कळत नाही, म्हणून विचारते.

मला तसं सांगितलं गेलं होतं. मी नऊ वर्षांची होते. सरकारी घाटावर मोठ्या मुली पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायच्या. मी भोपळा न बांधताच उतरले आणि गटांगळ्या खाल्ल्या. शेजारच्या एका काकांनी वेणीला धरून ओढून काढलं, पायरीवर बसवलं आणि म्हणाले, “घरी बोलू नकोस, उगाच रागावतील.” माझ्या भल्यासाठीच म्हणाले असतील. मी बोलले नाही. आईला वाटलं, मुलीला पोहण्याची आवड नाही. नदी चार पावलांवर असून मी पुन्हा पाण्यात उतरले नाही. 2005 साली गावभागात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही माडीवर होतो. जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जाताना मी मोजत होते. बोट आली, घरातले सगळे बसले, आणि माझा पाय खिडकीतून सुटेना. पन्नाशीला आलेली बाई मी, माझ्या मुलानं मला उचलून बोटीत ठेवलं. त्या वेळी मला पूर दिसत नव्हता. दिसत होती ती घाटाची पायरी आणि ते काका.

म्हणून तुझ्या सहा पानांपैकी मला ते अर्धं पान मोठं वाटतं. आपल्या गावात पोहणं हा सुट्टीतला छंद नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जण बुडाले. 2021 ला पुन्हा पाणी आलं. इथल्या पोरीनं पाण्याला कायमचं भ्यायचं हे परवडणारं नाही. आणि ती पोर भ्यायली आहे. एकटीच भ्यायली आहे, कारण तिच्याखेरीज ज्या एका माणसाला ते माहीत आहे, ते माणूस सासूबाईंना कसं समजवायचं या विवंचनेत आहे.

तू बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी उथळ आणि खोल बाजूच्या मधे दोर बांधला गेला असता. लाइफगार्डनं बॅच चालू असताना खुर्ची सोडायची नाही, हे ठरलं असतं. 28 मुलांना एकटी बाई पुरत नाही, हे कुणीतरी कागदावर लिहिलं असतं. तुझ्या गप्प बसण्यामुळे उरलेली सत्तावीस पोरं तीन आठवडे त्याच उतारावर, त्याच फरशीवर पोहत राहिली.

आता सासूबाई. पोशाखाचं त्या बोलतात ते चूक आहे. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, तलावावर तो चालत नाही, एवढं सांगायचं आणि कामाला लागायचं. त्यात माझ्याकडे विचारण्यासारखं काही नाही. पण मुलीचं त्यांना कळलं आणि “तेव्हा तुझं लक्ष कुठं होतं?” असं त्यांनी विचारलं, तर तो प्रश्न रास्त असेल. त्याला उत्तर द्यावं लागेल, निमित्त म्हणून झटकता येणार नाही. काम सोडू का, हे मला आज विचारूच नकोस. कदाचित सोडावं लागेल, कदाचित तलावाचेच लोक काढतील. ते नंतरचं.

आज एवढंच कर. फोन करू नकोस, त्या मुलीच्या घरी जा. नवऱ्याला सोबत नेऊ नकोस, पेढ्यांचा पुडाही नेऊ नकोस. तिच्या आईसमोर बस आणि सरळ सांग: तुमची मुलगी बुडत होती, माझं लक्ष नव्हतं, मी तिला काढलं आणि तुमच्यापासून लपवलं. ‘थोडं पाणी प्यायली’ म्हणू नकोस, बुडत होती म्हण. त्या बोलतील. बोलू दे, मधे एक शब्द बोलू नकोस. मुलीला तिथंच बसू दे, तिच्यासमोरच सांग. मोठ्या माणसाच्या तोंडून ते तिला ऐकू दे, म्हणजे आपण वेडं काहीतरी मनात धरलेलं नाही हे तिला कळेल. त्यांनी हाकललं नाही, तर विचार की एक दिवस आईनं तिला घेऊन तलावावर यावं. बॅचच्या वेळी नाही, तलाव रिकामा असेल तेव्हा. पोहायचं नाव काढू नकोस. उथळ बाजूच्या पहिल्या पायरीवर तिघी पाण्यात पाय सोडून बसा. ती उतरली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. पाऊस तोंडावर आला आहे, शाळा सुरू होतील, तेव्हा पुढच्या रविवारची वाट बघू नकोस.

गॉगल पिशवीतून काढून हातात धर. दार तिनंच उघडलं तर आधी तो तिला दे, मग आईला बोलवायला सांग.