आदामाचं पाप बाळाच्या माथी?

ताई, माझं पहिलं बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. आम्ही कॅथलिक. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता. दफनाच्या दिवशी मावससासूबाई म्हणाल्या, "बाप्तिस्म्याविना गेलं, आदामाचं पाप अंगावर घेऊनच गेलं." नंतर स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होत्या, की पाप जगात आणलं बाईनेच, मग भोगायचंही बाईनेच. नवरा काहीच बोलत नाही. मला प्रार्थनेला बसवत नाही. तीन दिवसांच्या जिवाने कसलं पाप केलं? आणि ते माझ्यातून त्याच्यात गेलं का?

प्रिय मैत्रिणी,

कसलंच नाही केलं. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, तुझ्याच चर्चची ही शिकवण आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद ४०५ सांगतो, की आदिपाप, म्हणजे आदामापासून चालत आलेलं पाप, हा त्याच्या कुठल्याही वंशजाचा वैयक्तिक अपराध नव्हे. ती वाट्याला आलेली अवस्था आहे. कर्जबाजारी घरात जन्मलेल्या मुलाला ओढाताण सोसावी लागते, पण त्या कर्जावर सही त्याची नसते. तुझं बाळ त्या अवस्थेत, मरण असलेल्या जगात जन्मलं, पण आदामाचा अपराध त्याने केलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे पाप बाईकडून आलं का. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढ. प्रार्थना म्हणून वाचवत नसेल तर उलटतपासणी घ्यायची म्हणून वाच. तिथे सापाला सैतान म्हटलेलं नाही, ती ओळख नंतरची. सफरचंदही नाही, नुसतं फळ आहे. साप जबरदस्ती करत नाही, शंका पेरतो: देव तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतोय. ख्रिस्ती परंपरेने पापाचं मूळ इथे पाहिलं. देवाने वाईट काही निर्माण केलं नव्हतं, माणसाला निवडीची मोकळीक दिली होती, आणि त्या मोकळिकीत माणसाने देवाच्या चांगुलपणावरच अविश्वास दाखवला. खाणं त्यानंतरचं.

आणि सहावं वचन नीट वाच. तिने खाल्लं आणि आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्यालाही दिलं, त्यानेही खाल्लं. ते फळ खायचं नाही ही देवाची आज्ञा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली होती, तरी त्याचा एक शब्द तिथे नाही. तोंड उघडतो ते देवाने जाब विचारल्यावर: तू मला सोबतीला दिलेल्या बाईने दिलं म्हणून मी खाल्लं. एका वाक्यात बायकोही दोषी आणि ती देणारा देवही! मग ती सापाकडे बोट दाखवते. मला विचारशील तर पाप जगात शिरल्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा या टोलवाटोलवीत आहे. मावससासूबाई स्वयंपाकघरात जे बोलल्या, ते आदामाचंच वाक्य होतं.

येशूचा प्रेषित पौल याने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्री फसली असं म्हटलंय, ते वचन त्या तुला दाखवतील. दाखवू देत. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, जिथे पाप आणि मरण जगात कसं आलं हाच विषय आहे, तिथे पौल एका माणसाच्या द्वारे म्हणतो आणि नाव आदामाचं घेतो. त्याच्या बायकोचा, हव्वेचा, तिथे उल्लेखही नाही. शिवाय तो अध्याय आदामाशी थांबत नाही. जिथे पाप वाढलं तिथे कृपा त्याहून विपुल झाली, असं तो पुढे म्हणतो. अर्धा अध्याय वाचून लोकांना घाबरवणारे फार भेटतात.

तरी मावससासूबाईंनी हे मनाने रचलेलं नाही, हेही तुला कळायला हवं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा ख्रिस्ती धर्मशिक्षक म्हणत होता, की आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं, प्रत्येक मूल कोरंच जन्मतं. त्याला उत्तर देताना संत ऑगस्टीन दुसऱ्या टोकाला गेले: आदामाचा दोषही वंशात उतरतो आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला, सौम्यातली सौम्य का होईना, शिक्षा आहेच. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. ऑगस्टीनचा कठोरपणा मात्र पुढच्या पिढ्यांनाही जड गेला. म्हणून मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी अशा बाळांसाठी 'लिंबो' नावाची यातना नसलेली जागा कल्पिली. ती श्रद्धेचं बंधनकारक तत्त्व कधीच झाली नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर आदामाकडून मरण आणि दुबळेपण आलं एवढंच मानलं, त्याचा दोष आपल्या डोक्यावर घेतला नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने याच प्रश्नावर मोठा दस्तऐवज काढला, आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असा निष्कर्ष मांडला. खात्री म्हटलेलं नाही, आशा म्हटलंय. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो.

राहिलं बाळ का गेलं ते. ते डॉक्टरांना विचार, उत्पत्तीत ते सापडणार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. प्रार्थनेला बसवेल तेव्हा बस, तोवर स्तोत्रसंहितेतली रडगाणी आणि तक्रारी आहेतच. त्याही प्रार्थनाच आहेत.

एक काम लगेच कर. आईवडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा असताना बाळ गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचे रीतसर अंत्यविधी करता येतात, तशी चर्चच्या कायद्यात तरतूद आहे. दफनाला तुमच्याकडे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. काहीच झालं नसेल तर फादरांना गाठ, बाळासाठी मिस्सा ठेवायला सांग. जाताना नवऱ्याला बरोबर ने. तो गप्प आहे म्हणजे त्याला दुःख नाही असं धरू नकोस. कदाचित मावससासूबाईंचं बोलणं त्याच्याही मनाला लागलं असेल. हे पत्र त्याला वाचायला दे. जेवण-झोप आठवडेच्या आठवडे हरपली असेल तर समुपदेशकाकडे जायला लाजू नकोस.

मावससासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. पुन्हा विषय काढला तर त्याच धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १२६१ त्यांना मोठ्याने वाचायला सांग: अशा बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवतं. त्यावर काही शंका असली तर त्यांनी ती फादरांना विचारावी, तुला नाही.

तुझी,
ताई