द्राक्षबाग विकून ग्रँड पियानो घ्यावा का?

प्रश्न: मी सांगलीत शिक्षिका आहे. यजमानांची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. आमची सतरा वर्षांची मुलगी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो परीक्षेची आठवी ग्रेड उत्तीर्ण झाली असून तिला मैफलीची पियानोवादक व्हायचे आहे. तिच्या शिक्षकांच्या मते आता ग्रँड पियानो हवा. त्याचे दरपत्रक 14 लाखांचे आहे. एक एकर बाग विकावी की सात वर्षांचे कर्ज काढावे? बँकेत 9 लाखांच्या ठेवी आहेत, तर मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात 6 लाख. घर कृष्णाकाठी तळमजल्यावर आहे.

उत्तर: ताई, सप्रेम नमस्कार.

शिक्षकांचे म्हणणे चुकीचे नाही. अपराइट पियानोत तारा उभ्या असल्यामुळे तारेवर आपटणारा हातोडा मागे यायला स्प्रिंगची मदत लागते. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात, त्यामुळे तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, आणि एरार यांनी 1821 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. पुढच्या पातळीवरच्या रचनांसाठी बोटांना ही सवय लागतेच. तरीही एक फरक ध्यानात घ्यावा. मिरजेत घडवलेली सतार वादक स्वतःबरोबर मैफलीला नेतो. पियानोवादकाला मात्र बहुधा सभागृहात जो पियानो उभा असेल त्यावरच वाजवावे लागते. म्हणजे आपण घेणार तो ग्रँड केवळ घरच्या रियाजाचा, आणि मुलगी एक-दोन वर्षांत शिकायला बाहेर पडली की तो कृष्णेच्या दमट हवेत तळमजल्यावर मुका उभा राहणार. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. एवढे जड वाद्य रातोरात माडीवर नेता येत नाही.

आता कर्जाचा हिशेब. 14 लाखांचे कर्ज 12 टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 24,700 रुपयांचा बसतो आणि एकूण परतफेड पावणेएकवीस लाखांच्या घरात जाते. अवकाळी पावसाने द्राक्षाचा एक हंगाम हुकला, तरी हप्ता थांबत नाही. बाग विकण्याला माझा विरोध याहून अधिक आहे, कारण तीन एकरांतला एक एकर गेला की कायमचे उत्पन्न तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि मुलीला आधाराची खरी गरज अजून पुढेच आहे.

ती गरज किती मोठी आहे, हे एका उदाहरणावरून पाहू. जर्मनीतील अनेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्गसारख्या राज्यात मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे 1,500 युरो भरावे लागतात. प्रवेश वादनचाचणीवर ठरतो. व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो झाली. युरो 100 रुपयांचा धरला तरी हे जवळपास बारा लाख होतात. दरपत्रकातला पियानो म्हणजे तिथले एक वर्षाहून अधिक काळाचे राहणेखाणे आहे, आणि शिक्षण काही एका वर्षाचे नाही.

शिक्षणानंतरही उत्पन्न लगेच स्थिरावत नाही. वॉर्सोच्या शोपँ पियानो स्पर्धेसारख्या ठिकाणी पारितोषिक मिळवणारे मोजकेच असतात. बाकीच्यांचा चरितार्थ मुख्यतः शिकवणी, साथसंगत आणि अधूनमधूनच्या मैफलींवर चालतो. शिवाय हात हेच भांडवल. लिऑन फ्लायशर या श्रेष्ठ अमेरिकन वादकाचा उजवा हात 1960 च्या दशकात, ऐन उमेदीत, निकामी झाला. पुढची सुमारे तीन दशके त्यांनी अध्यापन, वाद्यवृंदाचे संचालन आणि डाव्या हाताच्या रचना यांवर काढली, आणि दोन्ही हातांनी ते पुन्हा वाजवू लागले ते 1990 च्या दशकात. त्यांना जडलेला डिस्टोनिया हा स्नायूंवरचा ताबा सुटण्याचा विकार आहे, अपघात नव्हे, त्यामुळे वैयक्तिक अपघात विम्यावर इथे विसंबता येणार नाही. म्हणून मुलीने वादनाबरोबर अध्यापनाची पात्रताही मिळवावी, असा माझा आग्रह आहे.

माझ्या मते ठेवींतून तीन लाखांच्या आत एखादा वापरलेला, पण ध्वनिफळी आणि तारांच्या खुंट्या जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतलेला अपराइट घ्यावा, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावा आणि पुराचे संरक्षण असलेल्या गृहविम्यात त्याची नोंद करावी. ग्रँडवरचा सराव महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन, तासाचे भाडे देऊन करता येईल का, हे शिक्षकांनाच विचारावे. ठेवींतल्या उरलेल्या सहा लाखांना हात लावू नये. मुलगी दहावी झालेली असल्याने सुकन्या खात्यातून मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतची रक्कम प्रवेश व शुल्काच्या पुराव्यावर काढता येते. बाकीच्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे, ज्याची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. आपण जुनी करप्रणाली निवडली असेल, तर त्याचे व्याज आठ वर्षांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते.

तेव्हा दरपत्रकाची मुदत तशीच संपू द्यावी, आणि बागेसाठी कोणी इसार देऊ केला असेल तर तो स्वीकारू नये.