दिसलं नाही, तर विचार

प्रिय बाळा,

काल शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात तू पंच होतास आणि मी गॅलरीत बसलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये तो पोरगा डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, पडला तेव्हा तू चांगला पंचवीस पावलं लांब होतास आणि मधे तिघांच्या पाठी होत्या. तुला काही दिसलेलं नाही, हे मला वरून कळत होतं. पण गॅलरी ओरडली आणि तुझा हात पेनल्टी स्पॉटकडे गेला. लाइनमन, म्हणजे कडेच्या रेषेवरचा तुझा सहाय्यक पंच, तुझ्यापेक्षा जवळ उभा होता. त्याच्याकडे तू मानसुद्धा वळवली नाहीस.

रागावून लिहीत नाही. हीच चूक मी केलेली आहे. चेंडू गोललाइनच्या आत गेला की नाही, मला दिसलं नव्हतं. लाइनमन माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला विचारलं तर चारचौघांत माझी किंमत कमी होईल असं वाटलं, म्हणून शिट्टी मारून गोल देऊन टाकला. संध्याकाळी बूट काढताना तो लाइनमन हळूच म्हणाला, “सर, बॉल बाहेर होता.” ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही.

मॅराडोना आणि मेस्सीच्या अर्जेंटिनाचे खेळाडू तुला तोंडपाठ आहेत. त्याच देशाचे पंच मात्र तुला माहीत नसणार. ओरासिओ एलिझोंडो हे नाव लिहून ठेव. हा माणूस शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. 2006 च्या जर्मनीतल्या वर्ल्ड कपचा पहिला सामना त्यानंच घेतला आणि 9 जुलैची बर्लिनची फायनलही. इटली विरुद्ध फ्रान्स, एक-एक बरोबरी, जादा वेळ चालू. 110 व्या मिनिटाला खेळ पुढे सरकलेला, आणि मागे इटलीचा माटेराझी जमिनीवर आडवा. झिदाननं त्याच्या छातीत डोकं मारलं होतं, पण एलिझोंडोची नजर चेंडूवर होती. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.

आता तू त्याच्या जागी उभा राहून बघ. समोर झिदान, फ्रान्सचा कप्तान, आयुष्यातला शेवटचा सामना खेळतोय. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केलेला तोच. इटलीचे खेळाडू अंगावर धावून येताहेत. एलिझोंडोनं अंदाजानं कार्ड काढलं नाही, आणि मला दिसलं नाही म्हणून विषय सोडूनही दिला नाही. कानातल्या हेडसेटवरून त्यानं दोन्ही सहाय्यकांना विचारलं. त्यांनाही दिसलं नव्हतं. मग मैदानाबाहेरच्या चौथ्या पंचानं, स्पेनच्या मेदिना कांतालेखोनं, आपण जे पाहिलं ते सांगितलं. त्यानंतरच लाल कार्ड वर गेलं. जगातला सगळ्यात मोठा सामना, आणि निर्णय दुसऱ्याच्या डोळ्यांवर. त्यानं एलिझोंडोचा मान कुठे कमी झाला? आज आपण त्याचं नाव घेतो ते त्या लाल कार्डामुळेच.

बारा वर्षांनी, 2018 च्या वर्ल्ड कपला मॉस्कोत, पुन्हा अर्जेंटिनाचाच पंच. नेस्तोर पिताना, मिसिओनेस प्रांतातला, आणि तोही शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. उद्घाटनाचा सामना त्याचा, फायनलही त्याची. फ्रान्सच्या कॉर्नरवर क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. पितानानं आधी पेनल्टी दिली नव्हती. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, कळवल्यावर तो मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेला. तिथं काय झालं ते नीट बघ, यूट्यूबवर आहे. बराच वेळ पाहिलं, निघाला, आणि परत फिरून पुन्हा पाहिलं. सगळं जग खोळंबलेलं असताना परत फिरायला छाती लागते. मग पेनल्टी दिली, फ्रान्सच्या ग्रीझमननं ती मारली. तो हात पेनल्टीचा होता का, यावर आजही वाद होतात. माझं मत विचारशील तर मी दिली नसती. पण त्या परत फिरण्याला मी मनापासून मानतो.

त्याच सामन्यातला पहिला गोल मात्र मला आजही खटकतो. ग्रीझमन पडला, पितानानं फ्री किक दिली, आणि त्यावरून क्रोएशियाच्या मांजुकिचच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. तो फाऊल नव्हता असं मला वाटतं. व्हीएआरला साध्या फ्री किकमध्ये हात घालता येत नाही, त्यामुळे तिथं पिताना एकटाच होता. आपल्याकडे तर पडदाच नाही. आपल्याकडे आहे तो फक्त लाइनमन, आणि काल तू त्यालाच विसरलास.

अर्जेंटिनाचाच आणखी एक पंच, हावियर कास्ट्रिली, हा वेगळ्या घडणीचा. लोक त्याला ‘शेरीफ’ म्हणत. 1996 साली वेलेझ आणि बोका या तिथल्या क्लबांच्या सामन्यात त्यानं खुद्द मॅराडोनाला, ब्युनोस आयर्समध्ये, बाहेर काढलं. मॅराडोना त्याच्यासमोर उभा राहून जाब विचारत होता आणि कास्ट्रिली पुतळ्यासारखा स्तब्ध. तुझ्यासारखी पोरं हे बघून भारावतात, मीही भारावलो होतो. पण तसली ताठ मान तू आत्ताच उचलू नकोस. आधी विचारायला शीक, ताठ राहणं नंतर आपोआप येतं.

तू काल सामना संपल्यावर लाइनमनशी हात न मिळवता निघून गेलास, हे मला पेनल्टीपेक्षा जास्त लागलं. त्याला आज फोन कर. तुझ्यापेक्षा वेगळं त्याला काय दिसलं ते विचार आणि मधे न बोलता ऐक.

रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर ये. येताना दोन झेंडे आण. अर्धा तास तू शिट्टी घेशील आणि मी लाइनवर उभा राहीन, मग अर्धा तास उलट.

तुझा,
सर