स्लरीच्या रिपोर्टात ‘ई. कोलाय आढळला’, मग पुढे काय?

दादा, निफाडच्या गोठ्यातल्या स्लरीचा (शेण, मूत्र आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाचा) नमुना तुम्ही नाशिकला लॅबमध्ये दिलात, दुसऱ्याच दिवशी ‘ई. कोलाय आढळला, साल्मोनेला नाही’ असा रिपोर्ट आला (दोन्ही आतड्यातले जिवाणू, साल्मोनेला माणसाला आजारी पाडणारा), आणि आता ती मेथी-कोथिंबिरीला सोडू का, असं विचारलंय. सध्या सोडू नका.

पण ई. कोलायला घाबरून नव्हे. तो गाई-म्हशींच्या आतड्यात असतोच आणि बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. धोका आहे तो शिगा विष बनवणाऱ्या ओ१५७ सारख्या प्रकारांचा, आणि ती तपासणी वेगळी मागावी लागते. सॉर्बिटॉल ही साखर घातलेल्या मॅकॉन्की माध्यमाच्या प्लेटवर ओ१५७ च्या वसाहती रंगहीन दिसतात. इतर विषारी प्रकार मात्र बहुधा सॉर्बिटॉल आंबवतात, म्हणून पीसीआरने (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) विषाची जनुकंही बघायला सांगा.

मला खरी काळजी वाटते ती ‘साल्मोनेला नाही’ या ओळीची. शेणात इतर जिवाणू इतके असतात की नमुना थेट प्लेटवर पसरला तर मोजका साल्मोनेला हाती लागतच नाही. म्हणून आधी २५ ग्रॅम नमुना २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात ३७ अंशांना सुमारे १८ तास ठेवतात. अर्धमेले जिवाणू तिथे सावरतात. मग एमएसआरव्ही या अर्धघट्ट माध्यमावर ४१.५ अंशांना वाढवतात. साल्मोनेला त्यातून पोहत पसरतो, बाकीचे बरेचसे मागे राहतात. पुढे एक्सएलडी या माध्यमाच्या प्लेटवर काळ्या मध्याच्या वसाहती शोधायच्या आणि जैवरासायनिक व सीरम चाचणीने खात्री करायची. या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात. एका दिवसात उत्तर आलं म्हणजे एकतर पीसीआर केला, नाहीतर थेट प्लेट लावली. फोन करून विचाराच.

पीसीआर असेल तर तो संवर्धनानंतर, म्हणजे जिवाणू आधी वाढवून, केला का आणि सोबत अंतर्गत नियंत्रण (अभिक्रिया नीट चालली का ते दाखवणारी खूण) होतं का, हेही विचारा. शेणखतातली ह्यूमिक आम्लं अभिक्रिया अडवतात आणि नमुना खोटाच ‘निगेटिव्ह’ दिसतो. उलट मेलेल्या जिवाणूचा डीएनए ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकतो. लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असली तरी तिच्या यादीत शेणखत किंवा स्लरी आहे का, ते बघा. पाण्याची मान्यता इथे पुरत नाही.

नमुना एका बादलीतून घेतला असेल तर पुन्हा घ्या. जनावरं हे जिवाणू रोज सारखे टाकत नाहीत. टाकी ढवळून आठ-दहा ठिकाणचा माल एकत्र करा, निर्जंतुक डब्यात भरा, बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. गोठवू मात्र नका.

तोवर स्लरी पाचटावर ओतून ढीग लावा. अमेरिकेच्या नियमात उघड्या ढिगाला ५५ अंश किंवा जास्त तापमान १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी, असं प्रमाण आहे. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. बाहेरचा थर थंडच राहतो, म्हणून पलटताना तो आत गेला पाहिजे, आणि नंतरच्या नमुन्यात कडेचा मालही घ्या.